मंडळीत वांशिक न्यायाचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) वर्णद्वेषाचा विषय बहुधा एखादी बातमी पेटली की निघतो आणि दोन रविवारांत विरतो. त्यापेक्षा सलग चार आठवड्यांचा वर्ग ठेवा. बैठक दीड तासाची, माणसे आठ ते बारा. जास्त झाली तर दोन गट करा, नाहीतर तिघेच बोलत राहतात.

पहिली बैठक फक्त विलापाची. बायबलमधले स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते, म्हणूनच ते घ्यायचे. नंतर पाच मिनिटे शांतता. कोणीतरी लगेच गलतीकरांस 3:28 काढून ‘ख्रिस्तात आपण सारे एक’ म्हणेल. वचन खरेच आहे, पण इतक्या लवकर आले की ते दुखावलेल्याचे तोंड बंद करते. चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवा. कृष्णवर्णीय सभासदांना सगळ्यांसमोर ‘अनुभव सांगा’ म्हणू नका. आधी एकट्याने विचारा, नकार आला तर कारण मागू नका.

दुसऱ्या बैठकीची तयारी दोन आठवडे आधी दोघांवर सोपवा. आपल्या संप्रदायाचा इतिहास काढा. उदाहरणार्थ, सदर्न बॅप्टिस्ट हा प्रोटेस्टंट संप्रदाय: ते 1845 मध्ये गुलामगिरीच्या वादातून वेगळे झाले, माफीचा ठराव 1995 मध्ये आला. मेथडिस्ट संप्रदायाचे गट 1939 मध्ये एकत्र आले तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांना वेगळ्या प्रशासकीय विभागात ठेवले, तेही 1968 पर्यंत. मग काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदणी कार्यालयातून मंडळीच्या आसपासच्या घरांची जुनी खरेदीखते पाहा. ‘गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये’ अशी अट सापडू शकते. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी थांबवली, तरी कागदावर त्या राहिल्याच. दूरच्या राज्याचा इतिहास ऐकून लोक माना डोलावतात. आपल्याच गल्लीचे खत पाहिले की गप्प होतात.

तिसऱ्या बैठकीत प्रेषितांची कृत्ये 6:1-7. इथे घाई नको. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना ‘फूट पाडता’ असे म्हटले नाही. सात माणसे निवडली गेली आणि स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे वाटपाची जबाबदारी बहुधा डावललेल्यांच्याच हाती गेली. आता आपल्या मंडळीचा तक्ता फळ्यावर मांडा: खजिनदार कोण, पाळक (पास्टर) निवडणारी समिती कोणाची, इमारतीच्या किल्ल्या कोणाकडे, आणि स्वयंपाकघर व साफसफाई कोणाकडे. स्वागताच्या टेबलावर सगळे रंग दिसतात, म्हणून पैशाच्या टेबलाकडे बघा.

चौथीत ठराव. जक्कय या जकातदाराने (लूक 19:8) नुसते शब्द दिले नाहीत, फसवून घेतलेले चौपट परत देण्याचा आकडा सांगितला. तसा एकच ठराव करा: काय, कोण, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत. पाच ठराव केले की एकही होत नाही.

‘आत्ता वेळ योग्य नाही’ हे ऐकू येईलच. एप्रिल 1963 मध्ये अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी बर्मिंगहॅममधल्या वर्णभेदविरोधी निदर्शनांबद्दल तेच म्हटले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे तुरुंगातले पत्र हे त्याचेच उत्तर. आक्षेप घेणाऱ्याला दोन्ही मजकूर वाचायला द्या.

निवडणुकीच्या काळात वर्गात कोणत्याही उमेदवाराचे नाव नको. कायदा आणि धोरण यांवर मात्र मोकळेपणी बोला. ठराव मंडळीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि आढाव्याची तारीख पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आत्ताच घाला. तोंडी ठरलेले पाळक बदलताच बुडते.