देश आतून पेटलेला असताना अर्थव्यवस्था वाचवायची तर या चुका टाळा

नाशिकचा कांदा कोलंबोला जातो, बांगलादेशात जातो, नेपाळलाही जातो. हे तिन्ही शेजारी गेल्या चार-पाच दशकांत अंतर्गत संघर्षातून गेले आहेत. श्रीलंकेत १९८३ ते २००९ असं सव्वीस वर्षांचं गृहयुद्ध चाललं, नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवाद्यांचा सशस्त्र लढा झाला आणि बांगलादेशात २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये उठाव होऊन सरकार कोसळलं. तिथे घडतं त्याची झळ लासलगाव-पिंपळगावच्या लिलावाला बसते. म्हणून हा विषय स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांवर सोडून चालणार नाही.

पॉल कॉलियर या अर्थतज्ज्ञाच्या अंदाजानुसार गृहयुद्ध चालू असताना देशाचा विकासदर वर्षाला साधारण २.२ टक्क्यांनी खाली येतो. सात वर्षं युद्ध चाललं तर दरडोई उत्पन्न, एरवी जिथे पोचलं असतं त्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी राहतं. यातला काही भाग बॉम्ब-गोळ्यांचा असतोच. पण उडवलेला पूल पैसे असले की वर्ष-दोन वर्षांत उभा राहतो. घाईत, घाबरून घेतलेल्या सरकारी निर्णयांचं नुकसान मात्र भरून निघता निघत नाही. खालच्या बहुतेक चुका अशाच निर्णयांच्या आहेत आणि त्या टाळणं सरकारच्या हातात असतं.

नोटा छापून लढाईचा खर्च भागवणं

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९४५ पासून दहाएक वर्षं नेपाळच्या नोटाही इथेच छापल्या जात. नोट छापायला किती कमी खर्च येतो हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. संघर्षात सापडलेल्या सरकारला नेमका हाच मोह होतो. विकसनशील देश शांततेत लष्करावर जीडीपीच्या साधारण २.८ टक्के खर्च करतो, गृहयुद्धात तोच खर्च ५ टक्क्यांवर जातो. त्याच वेळी कर वसूल होत नाही. मग मध्यवर्ती बँकेकडून पैसे उचलले जातात.

निकाराग्वात कॉन्ट्रा बंडखोरांशी लढताना सरकारने हेच केलं. इतर कारणंही होती, पण १९८८ मध्ये तिथली महागाई ३३,००० टक्क्यांच्या पुढे गेली. त्याआधी आणखी एक घोडचूक झाली होती. भाव चढायला लागल्यावर सरकारने धान्याचे भाव बांधले आणि शेतकऱ्याने बाहेर माल विकू नये म्हणून रस्त्यांवर नाके बसवले. ज्या लहान शेतकऱ्यांसाठी क्रांती होऊन हे सरकार आलं होतं, त्यांच्यातलेच काही वैतागून कॉन्ट्रांना जाऊन मिळाले. भाव पाडायला गेले आणि बंड वाढवून बसले.

लक्षणं लवकर दिसतात. डॉलरचा बँकेतला भाव आणि बाजारातला भाव यांत अंतर पडतं. घाऊक व्यापारी उधारी बंद करतो. लोक पगार झाला की त्याच दिवशी तेल-साखर भरून ठेवतात. इथवर आलं की भावनियंत्रणाचा आदेश काढून उपयोग नसतो, छपाई थांबवावी लागते.

मग पैसा आणायचा कुठून? कोलंबियाने २००२ मध्ये श्रीमंतांच्या आणि कंपन्यांच्या निव्वळ मालमत्तेवर १.२ टक्क्यांचा एकदाच घ्यायचा कर लावला आणि तो पैसा सुरक्षेसाठी राखून ठेवला. पुढच्या फेऱ्यांत या खर्चावर नजर ठेवायला उद्योजकांनाही सोबत घेतलं. ज्यांचे कारखाने वाचणार होते त्यांनीच पैसे द्यायचे, हे मला न्याय्य वाटतं. आपल्याकडे सरकारची तूट रिझर्व्ह बँकेने आपोआप भरून काढायची पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. संकट नसताना घातलेलं असं कुंपणच पुढे संकटात कामाला येतं.

बंडखोरांची कोंडी करताना शेतकऱ्याची कोंडी करणं

मला सगळ्यात महागडी वाटते ती ही चूक, म्हणून इथे थोडं थांबतो.

जाफना हा श्रीलंकेच्या उत्तर टोकाचा द्वीपकल्प. तिथला शेतकरी लाल कांदा, मिरची आणि तंबाखू पिकवणारा. बारमाही नदी नाही, चुनखडीच्या जमिनीत विहिरी आणि त्यांवर रॉकेलवर चालणारे पंप. कांदा पिकवून ट्रकने दक्षिणेत पाठवायचा, हा त्याचा संसार. निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

१९९० पासून सरकारने उत्तरेकडे जाणाऱ्या मालावर कडक बंधनं घातली. यादीत खत होतं, डिझेल होतं, सिमेंट होतं, साध्या बॅटऱ्याही होत्या. कारण खरं होतं. युरियापासून स्फोटकं बनतात, बॅटरी सुरुंगाला लागते. पण एलटीटीईने, म्हणजे सरकारशी लढणाऱ्या तमिळ बंडखोरांच्या संघटनेने, आपल्याला हवं ते चोरवाटेने आणलं. अडकला तो विहिरीवरचा पंप. रॉकेल कित्येक पट महागलं, खत मिळेना, पिकवलेला माल बाहेर नेणारा रस्ता बंद. शेतकरी घरापुरतं पिकवू लागला. बाजार तुटल्यावर पोरांपुढे वाटा उरल्या दोनच: परदेश किंवा बंदूक.

कँडीहून जाफन्याला जाणारा ए-९ रस्ता २००२ च्या शस्त्रसंधीनंतर उघडला. एलटीटीई आपल्या नाक्यांवर मालावर कर घेत होती, तपासणीत वेळ जात होता, तरी ट्रक सुरू झाले. ऑगस्ट २००६ मध्ये तो पुन्हा बंद पडला.

याच सरकारने एक गोष्ट मात्र नीट केली. एलटीटीईच्या ताब्यातल्या भागातही शिक्षक, डॉक्टर, कारकून यांचे पगार कोलंबोहून जात राहिले. सहकारी सोसायट्यांमार्फत शिधा वाटला जात होता, शाळेच्या परीक्षा होत होत्या. लढणाऱ्या दोन बाजूंच्या मधोमध हे चालू राहिलं म्हणून तिथलं समाजजीवन पार कोसळलं नाही.

तेव्हा सरसकट बंदी नको. खत, इंधन यांचा कोटा ठरवून तो सोसायटीमार्फत नावानिशी वाटावा. तपासणी एकाच ठिकाणी आणि ठरलेल्या वेळात व्हावी, कारण दर दहा किलोमीटरला नाका आला की प्रत्येक नाक्यावर कुणाचा तरी हात पुढे येतो. आणि नाशवंत माल रांगेत आधी सोडावा. कांद्याच्या गोणीला चार दिवस ताडपत्रीखाली घाम सुटला की कोंब येतात, वास सुटतो आणि माल मातीमोल होतो.

इंटरनेट बंद ठेवणं

आता रस्त्याइतकंच हेही महत्त्वाचं झालं आहे. बांगलादेशात १८ जुलै २०२४ ला इंटरनेट पूर्ण बंद केलं गेलं. ब्रॉडबँड काही दिवसांत हळूहळू परतलं, मोबाइल इंटरनेटला दहा दिवस लागले. ज्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा, तिथे कारखान्यांचा युरोप-अमेरिकेतल्या खरेदीदारांशी संपर्क तुटला आणि बंदरातलं कस्टमचं ऑनलाइन काम थांबलं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला संपर्क बंद झाला तो ऐन सफरचंदाच्या हंगामाच्या तोंडावर, आणि मोबाइलवरचं वेगवान इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. अफवा रोखायच्या हे मान्य. पण बँका, बंदर, बाजार समिती आणि दवाखाने यांच्या जोडण्या चालू ठेवता येतात. ते न करणं हा आळस आहे आणि त्याची किंमत रोजंदारीवरचा माणूस मोजतो.

पैसा देश सोडतोय याकडे उशिरा बघणं

जागतिक बँकेच्या २००३ च्या अभ्यासात एक आकडा आहे. गृहयुद्धाआधी अशा देशांतल्या लोकांची सरासरी ९ टक्के खासगी संपत्ती परदेशात असते, युद्ध संपेपर्यंत ती २० टक्क्यांवर जाते. यात तस्करीच्या गोष्टी कमी आणि साध्या माणसांचे साधे निर्णय जास्त असतात. कारखानदार नवी मशिनरी घेत नाही, जुनीच ओढून नेतो. गोदामातला साठा कमी करतो. पैसा लगेच सुटेल अशा खरेदी-विक्रीकडे वळतो.

धाडी घालून हे थांबत नाही, उलट राहिलेलेही निघतात. युगांडाने १९७२ मध्ये आशियाई व्यापाऱ्यांना हाकललं आणि त्यांचा विश्वास परत मिळवायला नव्वदच्या दशकात त्यांच्या जप्त मालमत्ता परत कराव्या लागल्या. सातबारा, खरेदीखत, कंपनीची नोंदणी हे दप्तर सुरक्षित ठेवणं आणि त्याच्या प्रती दुसरीकडे ठेवणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम.

विमा हा याचाच एक भाग. २४ जुलै २००१ ला एलटीटीईने कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर हल्ला केला. विमानं जळाली, पण खरा फटका नंतर बसला. विमा कंपन्यांनी युद्धजोखमीचा अधिभार लावला, जहाजं कोलंबो टाळू लागली, पर्यटक थांबले, आणि त्या वर्षी श्रीलंकेची अर्थव्यवस्था दीड टक्क्याच्या आसपास आकसली. अशा वेळी सरकारने स्वतः हमी देऊन हप्ता खाली आणणं हे सैन्याच्या तुकडीइतकंच गरजेचं असतं.

राष्ट्रीय सरासरीवर समाधान मानणं

युद्धाच्या काळातही श्रीलंकेचा सरासरी विकासदर पाच टक्क्यांच्या जवळ राहिला. नेपाळमध्ये लढा चालू असतानाच गरिबी ४२ टक्क्यांवरून २००३-०४ पर्यंत ३१ टक्क्यांवर आली. आकडे खरे आहेत, पण नेपाळच्या आकड्यामागे आखातात आणि मलेशियात गेलेल्या तरुणांनी पाठवलेला पैसा मोठा आहे, आणि श्रीलंकेच्या आकड्यात कोलंबोच्या आसपासचा पश्चिम प्रांत. धुमसणारा भाग सरासरीत दिसत नाही.

यावर श्रीलंकेने १९९२ मध्ये केलेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. दक्षिणेतल्या बेरोजगार ग्रामीण तरुणांचं रक्तरंजित बंड नुकतंच शमलं होतं. राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी खेड्यापाड्यांत २०० कपडा कारखान्यांची योजना आणली आणि दुर्गम भागात कारखाना काढणाऱ्याला निर्यात कोट्यात झुकतं माप दिलं.

आपल्या राज्यात गडचिरोलीचं उदाहरण आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबू विकायचा अधिकार प्रत्यक्षात हाती आला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. पैसा ठेकेदाराऐवजी गावाच्या खात्यात जमा होतो तेव्हा बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्याचा मुद्दा आपोआप लंगडा पडतो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क हे कायदे आपल्या नाशिकच्या सुरगाणा-पेठलाही लागू आहेत.

आपल्या निर्यातदारांनी काय सांभाळावं

शांतता आली म्हणजे धोका संपला असं समजू नका. युद्धानंतर श्रीलंकेने मोठ्या प्रकल्पांसाठी बेसुमार परकीय कर्ज घेतलं, नंतर करकपात आणि करोनाची भर पडली. १२ एप्रिल २०२२ ला देशाने परकीय कर्जफेड थांबवली. त्याआधीच डॉलर नाहीत म्हणून कोलंबो बंदरात अन्नाचे कंटेनर अडकले होते.

ओळखीचा आयातदार आहे म्हणून उधारीवर माल पाठवू नका. एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, तिथल्या एकट्या बँकेची न घेता भारतातल्या किंवा तिसऱ्या देशातल्या बँकेने पक्की केलेली घ्या. पर्यायी मार्ग आधीच विचारून ठेवा. २०२० मध्ये बंगालच्या सीमेवर ट्रक अडले तेव्हा लासलगावहून कांदा रेल्वेने बांगलादेशातल्या दर्शनापर्यंत गेला होता. ईसीजीसी या निर्यात विमा देणाऱ्या सरकारी कंपनीच्या पॉलिसीत युद्ध, गृहयुद्ध आणि तिथल्या सरकारने पैसे पाठवायला घातलेली बंदी यांचं संरक्षण मिळतं, पण पाठवणीची माहिती आणि थकबाकी वेळेत कळवावी लागते. मालाच्या दर्जावरून वाद झाला तर मात्र ते संरक्षण सहसा लागू होत नाही. म्हणून खळ्यावर गोण्या भरताना, कंटेनर बंद करताना तारखेसह फोटो आणि तपासणीचा दाखला जपून ठेवा. अडचणीत आलेला आयातदार पैसे नाहीत असं सहसा सांगत नाही, तो माल खराब निघाला असं सांगतो.