मावशीने ‘गाडी’ची ‘गारी’ केली

गेल्या रविवारी माझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा पूर्ण झाला. २७ प्रकरणं, साधारण ६१,००० शब्द. लिहायला बसले होते २०२२च्या जूनमध्ये. मी कोपरखैरण्यात राहते आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघते. साहित्याचं शिक्षण नाही, ओळखीत कुणी लेखक नाही. पहिली कादंबरी लिहायला बसलेल्या कुणाला माझ्या चुकांचा उपयोग होईल, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

माझी कादंबरी घणसोलीतल्या एका आगरी घराची आहे. १९७० साली सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी करायचं ठरलं. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. या चौदा वर्षांत माझी नायिका लहानाची मोठी होते. माझ्या आजोळची जमीनही याच काळात गेली, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. तो घरातच होता.

अडचण वेगळीच निघाली. पहिले आठ महिने मी कादंबरीच्या नावाखाली माहिती लिहीत होते. कुठल्या साली काय ठरलं, मोबदला किती, मोर्चा कुठून कुठे गेला. प्रकरणं भराभर होत होती आणि मला वाटत होतं, छान चाललंय. मग एका मैत्रिणीने चार प्रकरणं वाचून विचारलं, “यातली मुलगी जेवते काय?” मला उत्तर देता आलं नाही. १८,००० शब्द बाजूला काढले. वाईट वाटलं, पण त्यातलं एकही पान आज परत घ्यावंसं वाटत नाही.

जमीन संपादनाच्या, म्हणजे सरकार जमीन ताब्यात घेणार असल्याच्या नोटिशीचा प्रसंग त्या खर्ड्यात तीन परिच्छेदांचा होता, कायद्याच्या कलमांसकट. आता आजी ती नोटीस भाताच्या कणगीत दडवून ठेवते, कारण तिला वाचता येत नाही आणि कागद घरात उघडा ठेवायची भीती वाटते. चौथीतली नात तो शोधून काढते, मोठ्याने वाचते आणि ‘संपादन’ या शब्दाला अडखळते. आजी विचारते, म्हणजे काय? नातीला माहीत नसतं. वाचकाला मात्र सगळं कळतं. माहिती कुणाच्या तरी हातात, कुणाच्या तरी तोंडात द्यायची, हे मला त्या एका प्रसंगाने शिकवलं.

वाचनाचीही मदत झाली, पण कादंबऱ्या वाचायची पद्धत बदलावी लागली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. तिथून पुस्तक आणायचं आणि ट्रान्सहार्बरच्या गाडीत वाचायचं, हा माझा नेम. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ गेल्या वर्षभरात तीनदा वाचली. दुसऱ्या वाचनात फक्त एवढंच पाहिलं, की निवेदन करणारा तरुण मास्तर कोणत्या भाषेत बोलतो आणि धनगर कोणत्या. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. जहाजावरचे मोजके दिवस आणि त्यात मावलेलं युरोपातलं सगळं वादळ. ती वाचल्यावर माझी चाळीस प्रकरणांची आखणी मी सत्तावीसवर आणली. आवडलेलं पुस्तक पुन्हा वाचताना एकच प्रश्न घेऊन बसा. कथानक आधीच माहीत असल्यामुळे बांधणी दिसू लागते.

आता भाषेबद्दल, कारण माझे सर्वाधिक दिवस तिथे गेले. मी आगरी घरातली, तरी शाळा आणि नोकरीत प्रमाण मराठीच बोलत आले. त्यामुळे संवादांत अधूनमधून ‘मला’चं ‘मना’ केलं की आगरी झाली, अशी माझी समजूत. घणसोलीच्या मावशीला एक प्रकरण वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, “गाडी कोन बोलतं? गारी बोल.” मग तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ‘गाडी’वर काट मारली. ‘ड’चा ‘र’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं हे मी लहानपणापासून ऐकत होते, लिहिताना मात्र कानावर झापड होती. त्यानंतर सहा महिने दर रविवारी तिच्याकडे गेले. ती बोलायची, मी तिच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करायचे आणि घरी येऊन जसंच्या तसं उतरवायचे. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या बांधावरचे किती शब्द मिळाले! कोणताही कोश ते मला असे देऊ शकला नसता.

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद आगरीत, असं शेवटी ठरवलं. निवेदनाला साहित्य महामंडळाचे १८ लेखननियम लावते. संवादांत कॉम्प्युटरने लाल रेघ मारली तरी शब्द तसाच ठेवते.

रोजचं काम साधं आहे. पहाटे पाच ते साडेसहा, वहीत पेनाने, ३०० शब्द झाले की थांबायचं. वाक्य अर्धं सोडून उठले की दुसऱ्या दिवशी बसायला सोपं जातं. रविवारी आठवड्याचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा पद्धतीत, टाइप करते. सुरुवातीपासून युनिकोड वापरा. जुन्या फाँटमधला मजकूर बदलताना जोडाक्षरं मोडतात आणि तपासण्यात आठवडे जातात.

पहिला खर्डा एका प्रकाशकाकडे पाठवला होता. नकार आला, चार ओळींचा आणि सभ्य. त्यात एक वाक्य होतं, की शेवट घाईत उरकला आहे. ते खरं होतं. दुसऱ्या खर्ड्यातली शेवटची पाच प्रकरणं त्या वाक्यामुळे नव्याने लिहिली. खर्डा बाहेर पाठवताना आपलं लिखाण कुणी चोरेल, ही भीती बऱ्याच जणांना असते. लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, तिचे चालू नियम जरूर वाचा. मी अर्ज करणार आहे.

त्याआधी एक काम राहिलं आहे. विसाव्या प्रकरणात नायिकेचं लग्न आहे आणि तिथली धवलारीण अजून मुकी आहे. लग्नात ती धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी गाते, पण माझ्या पानावर नुसतं ‘तिने धवला म्हटला’ एवढंच लिहिलेलं. मावशीने तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या धवलारणीला विचारून ठेवलंय. येत्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर या, असा निरोप आला आहे. फोन चार्ज करून आणि कोरी वही घेऊन जाणार आहे.