हळदीचं गाणं की दहाव्याचं?

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका गायकदादांसाठी मी पहिल्यांदा हळदीच्या गाण्याचं कव्हर, म्हणजे ॲपवर गाण्यासोबत दिसणारं चौकोनी चित्र केलं, तेव्हा मागे फिकट बदामी रंग घेतला होता. मधोमध एकच हळकुंड आणि खाली बारीक अक्षरात गाण्याचं नाव. मी स्वतःवर जाम खूश. दादांनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “हलदीचं गानं हाय रं, दहाव्याचं नाय.”

नौपाड्यातल्या एका छापखान्यात कॅसेटची इनले कार्डं, म्हणजे डबीत घालायची छापील कार्डं, लावत मी हे काम शिकलो. तेव्हा पुढच्या बाजूला जागा मिळायची साधारण चार इंच बाय अडीच इंच. आता फाइल ३००० बाय ३००० पिक्सेलची द्यायची असते, पण ऐकणाऱ्याच्या यादीत ती दिसते अंगठ्याच्या नखाएवढी. म्हणजे जागा वाढली नाही, उलट कमीच झाली. त्यात जे सांगायचं ते नाव वाचून होण्याआधी सांगता आलं पाहिजे.

पहिलं काम कॉम्प्युटरवर नसतंच. गाणं मागवा, तीनदा ऐका आणि गायकाला विचारा, हे कोण ऐकणार आणि कुठे? ‘सगळेच ऐकतील’ हे उत्तर घेऊ नका. हळदीच्या मांडवात बेंजोवर वाजणार, की पहाटे देवघरात, की कळव्याहून सुटलेल्या लोकलमध्ये इअरफोनवर? अमेरिकेत ब्लू नोट या जॅझ कंपनीची १९५०-६० च्या दशकांतली शेकडो कव्हरं रीड माइल्सनं केली. त्याला स्वतःला जॅझपेक्षा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत जास्त आवडायचं. ध्वनिमुद्रण कसं झालं, कुठल्या मूडचं आहे हे तो निर्मात्याकडून समजून घ्यायचा आणि फ्रान्सिस वुल्फनं काढलेल्या फोटोंवर, एकदोन रंगांत, अक्षरांशी खेळायचा. गाणं आपल्या आवडीचं नसेल तरी बिघडत नाही, पण चौकशी मात्र सोडायची नाही.

आता अक्षर. बहुतेक जण आधी फोटो निवडतात आणि उरलेल्या जागेत नाव बसवतात. मी उलट करतो. गाणं कुठल्या जातीचं आहे ते मराठीत अक्षराच्या वळणावरून आधी कळतं. गोलसर, गुबगुबीत अक्षर दिसलं की बालगीत. त्यासाठी ‘मोदक’ नावाचा फॉन्ट आहे आणि तो खरंच मोदकासारखाच फुगलेला आहे. जाड-बारीक रेषांत मोठा फरक असलेलं, डौलदार अक्षर लावणीला किंवा नाट्यगीताला शोभतं. ‘रोझा वन’ त्या घरातला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ शहरी गाण्यांना चपखल बसतो. हे तिन्ही फुकट मिळतात.

मग चूक कुठे होते? एक तर ल आणि श मध्ये. बऱ्याच फॉन्टांत हे दोन हिंदी वळणाचे येतात. मराठी माणसाला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण कव्हर परकं वाटतं. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर ती येतात. नसतील तर फॉन्ट बदला. दुसरी चूक शिरोरेषा उडवण्याची. भाच्याच्या रॅपसाठी मी ती उडवली होती. दिसायला झकास, पण भ आणि म, घ आणि ध यांच्यात गोंधळ व्हायला लागला. नावात ही अक्षरं असतील तर रेष राहू द्या, किंवा निदान त्या अक्षरापुरती ठेवा.

त्याच भाच्यानं माझा पहिला नमुना बघून सांगितलं होतं, “मामा, हे भजनी मंडळाचं वाटतंय.” मी भगव्या मावळतीसमोर त्याचा हसरा फोटो लावला होता. मग रात्री अकराला आम्ही दोघं कळव्याच्या खाडीपुलाजवळ गेलो. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात त्याचा पाठमोरा फोटो काढला आणि नाव एका कोपऱ्यात, लहान. रॅपचा श्रोता विशीतला. त्याला सगळं समोर मांडलेलं नको असतं, थोडं शोधायला हवं असतं. भजनाच्या श्रोत्याचं नेमकं उलट. त्याला विठोबाचे कटेवरचे हात लगेच दिसले पाहिजेत.

रंगांचं फार तत्त्वज्ञान करू नका. भीमगीताला निळाच, आणि त्यात फिरोजी, आकाशी अशी चैन नको. अभंगाला तुळशीचा हिरवा, बुक्क्याचा काळा, पताकेचा भगवा यांतले दोन पुरतात. तिन्ही घेतले की फ्लेक्स होतो.

शास्त्रीय गायनाचं काम सगळ्यात सोपं. तिथला श्रोता गायकाचं आणि रागाचं नाव शोधतच येतो. मैफलीतला एक चांगला फोटो, मागे तानपुरा, आणि ती दोन नावं. शाल नीट करून स्टुडिओत बसवलेला फोटो मात्र टाळा, त्यात गाणं दिसत नाही.

हळदीकडे परत येतो, कारण मला सगळ्यात जास्त तिनं शिकवलं. आगरी-कोळी लग्नातली गाणी म्हटली तरी श्रोते दोन. धवलारणीनं, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या बाईनं, म्हटलेले धवले रेकॉर्ड केले असतील, तर ते ऐकणारी माणसं आपल्या आजीचा आवाज शोधत असतात. तिथे त्या बाईंचा चेहरा मोठा घ्या, सुरकुत्या पुसू नका, लुगड्याचा खरा रंग ठेवा. तीच हळद डीजेवर वाजणार असेल तर पिवळ्यावर झगझगीत गुलाबी, उधळलेले हात, गायकाच्या गळ्यातली सोन्याची साखळी. दादांना मी शेवटी हेच दिलं. मला ते भडक वाटलं, त्यांना बरोबर वाटलं, आणि मांडव त्यांचा होता.

एक भांडण मात्र दर वेळी होतं. गायकाला स्वतःचा, संगीतकाराचा, गुरूंचा आणि पैसे घालणाऱ्या काकांचा फोटो हवा असतो. कॅसेटच्या काळात सगळे बसायचे, कारण लोक कार्ड हातात धरून वाचायचे. आता चार चेहरे म्हणजे चार ठिपके. मी सांगतो, चेहरा एक, बाकीच्यांची नावं गाणं चढवताना श्रेयाच्या रकान्यांत भरू. काका रुसले तर यूट्यूबच्या आडव्या चित्रात त्यांना जागा करून देतो. तिथे उंचीच्या मानानं रुंदी जास्त मिळते.

फाइल देताना मोबाइल नंबर, दुकानाचं नाव, इन्स्टाग्रामचा पत्ता कव्हरवर घालू नका. बहुतेक ऑडिओ ॲप असं कव्हर परत पाठवतात. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव तंतोतंत एक असू द्या. रंग आरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत ठेवा. छापखान्यातून आलेल्या माझ्यासारख्यांचा हात सवयीनं छपाईच्या सीएमवायकेकडे जातो, मग पडद्यावर रंग भलतेच दिसतात.

पाठवण्याआधी कव्हर चौसष्ट पिक्सेलचं करून मोबाइलवर हातभर अंतरावर धरा. मग नाव बोटानं झाकून कुणाला तरी दाखवा आणि विचारा, कसलं गाणं असेल? मी जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विचारतो. परवा एक भावगीताचं दाखवलं, तर म्हणाल्या, “साबणाची जाहिरात हाय का?” त्याच्यावर अजून काम चालू आहे.