स्थलनिर्देशक नकाशावरून पुण्याची भूरूपे आणि शहराची वाढ कशी वाचावी

स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, पाणी, रस्ते आणि वस्ती दाखवणारा नकाशा, उलगडला की बहुतेकांची नजर आधी ओळखीच्या नावांवर जाते आणि तेथून लाल रस्त्यांवर भटकू लागते. भूरूपे समजून घ्यायची असतील, तर आधी तपकिरी व निळ्या खुणा वाचाव्यात आणि लाल खुणांकडे सर्वांत शेवटी वळावे.

सरावासाठी पुणे घ्यावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ अशी १:५०,००० प्रमाणाची दोन पत्रके लागतात, कारण ज्या १८°३०′ उत्तर अक्षवृत्तावर ही पत्रके एकमेकांना भिडतात, ते पर्वती-स्वारगेटच्या परिसरातूनच जाते. पत्रकांच्या कडा नीट जुळवून चिकटवाव्यात. या प्रमाणावर नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर होय.

आता तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पाहाव्यात. लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर १०० मीटरची रेषा ठळक छापलेली असते. मुळा-मुठेच्या काठचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर त्याच्या पश्चिमेची वेताळ टेकडी सुमारे ८०० मीटरपर्यंत चढते. टेकडीच्या उतारावर रेषा एकमेकींना चिकटून जातात आणि नदीकाठी विरळ होतात. रेषांचा बाक उंच भागाकडे टोक करून आत शिरला असेल, तर ती दरी किंवा घळ समजावी. टोक सखल भागाकडे निघाले असेल, तर ती डोंगराची सोंड होय. सुरुवातीला येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक बाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषांची उंची वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

उताराची तीव्रता साध्या पट्टीने मोजता येते. दोन समोच्च रेषांमधील अंतर २ मिलिमीटर भरले, तर जमिनीवर ते १०० मीटर होते. तेवढ्यात २० मीटर चढ, म्हणजे उतार १:५. हे गणित केवळ परीक्षेपुरते नाही. डोंगरमाथा व डोंगरउतारावरील बांधकामांच्या नियमांत हेच १:५ चे प्रमाण मर्यादा म्हणून येते, त्यामुळे टेकड्यांवरील बांधकामांविषयीचा वाद पट्टी हातात घेऊन तपासता येतो.

पुण्याच्या दक्षिणेकडील सिंहगड-भुलेश्वर रांगेत समोच्च रेषा एका ठिकाणी दाट, मग विरळ, पुन्हा दाट अशा दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसॉल्ट हा काळा खडक तयार झाला. त्यातील कठीण थरांचे कडे उरले आणि तुलनेने मऊ थर झिजून त्यांचे सौम्य उतार झाले. नकाशावरील दाट-विरळ पट्टे म्हणजे या पायऱ्याच होत.

निळ्या रेषांबरोबर काळ्या रेषाही वाचाव्यात. बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात, पण कोरड्या ओढ्यांची पात्रे काळ्या रेषांनी दाखवलेली असतात आणि घाईत ती पायवाट समजली जातात. कात्रजच्या डोंगरात उगम पावून उत्तरेकडे मुठेला मिळणारा आंबील ओढा डोंगरापासून नदीपर्यंत बोटाने गिरवून पाहावा.

आता लाल खुणांनी दाखवलेली वस्ती. मुठेच्या उजव्या तीरावरील कसबा आणि इतर पेठांचा दाट पुंजका ही केंद्रित वस्ती आहे; १७३२ मध्ये पूर्ण झालेला शनिवारवाडा त्यातच सापडतो. त्याच्या पूर्वेला, पेशवाई संपल्यानंतर वसवलेल्या लष्करी छावणीत रस्ते सरळ आणि बंगल्यांची आवारे मोकळी आहेत. नदीपलीकडील खडकीतही असाच आराखडा दिसतो. वायव्येला मुंबईकडे जाणारा रस्ता आणि लोहमार्ग जवळजवळ समांतर जातात व त्यांच्या कडेने पिंपरी-चिंचवडची वाढ लांबट पट्ट्यात झाली आहे. या पट्ट्याचा विस्तार एवढा झाला की तेथे १९८२ मध्ये स्वतंत्र महानगरपालिका स्थापन झाली. इकडे पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. हद्दीची रेषा मात्र प्रशासकीय असते; वस्ती कोठवर पोहोचली, हे त्या रेषेवरून ठरवू नये.

शहराची वाढ दोन काळांतील नकाशांची तुलना केल्याशिवाय कळत नाही. जुन्या आवृत्तीवर ट्रेसिंग कागद ठेवून समोच्च रेषांपैकी फक्त ठळक रेषा, सर्व ओढे आणि बांधीव भागाची कड उतरवावी. नव्या आवृत्तीचे प्रमाण तेच असल्याची खात्री करून तोच कागद तिच्यावर ठेवावा आणि नवी कड वेगळ्या रंगाने काढावी. उपग्रह-छायाचित्र वापरायचे असल्यास ते त्याच प्रमाणात छापून घ्यावे, नाहीतर कडा जुळणार नाहीत. मग नवा बांधीव भाग टेकड्यांच्या पायथ्याला भिडलेला दिसतो आणि काही ओढे त्याखाली हरवतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुरात अनेकांचा जीव गेला, तेव्हा त्याचे पात्र किती अरुंद उरले आहे, याकडे शहराचे लक्ष गेले. आपल्या कागदावर जेथे ओढ्याची रेषा नव्या कडेच्या आत शिरून दिसेनाशी होते, तेथे पेन्सिलने वर्तुळ करावे आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा व भर पावसाळ्यात एकदा, सुरक्षित अंतरावरून, ती जागा पाहून यावी.