वाण प्रतिकारक, पण नेमके कोणत्या रोगाला?

भुईमुगाचे बियाणे घेताना ‘रोगप्रतिकारक’ एवढा शब्द वाचून थांबू नका. कोणत्या रोगाला, ते विचारा. टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगांना दाद न देणारे वाण बुंधा कुजवणाऱ्या खोडकुजीला सहज बळी पडू शकते.

टिक्क्याचेही दोन प्रकार. लवकर येणाऱ्याचे ठिपके तपकिरी, भोवती बहुधा पिवळे वलय; उशिरा येणाऱ्याचे ठिपके पान उलटले की कोळशासारखे काळे दिसतात. तांबेऱ्याचे तांबूस फोड पानाखाली असतात, बोट फिरवले की भुकटी लागते. उशिराचा टिक्का आणि तांबेरा सोसण्याचा गुण अनेक वाणांत दक्षिण अमेरिकेतल्या अराकिस कार्डेनासी या रानटी भुईमुगातून संकराने आला आहे.

अशा वाणावर ठिपके येतच नाहीत असे नाही. ते उशिरा येतात, लहान राहतात, त्यांवर बीजाणू कमी धरतात. म्हणून फवारणी कमी करता येते, पाहणी मात्र नाही. पेरणीनंतर महिनाभराने दर आठवड्याला खालची पाने उलटून बघा. ठिपके वरच्या पानांकडे सरकू लागले तर फवारा, आणि एकाच गटाचे बुरशीनाशक लागोपाठ वापरू नका. बुरशीही औषधाला सरावते.

खोडकुजीच्या बाबतीत तर निव्वळ वाणाच्या भरवशावर राहूच नका. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ते दाणे जमिनीत काही वर्षे तग धरतात. ज्वारी किंवा मक्याशी फेरपालट करा, आधीच्या पिकाचा पालापाचोळा खोल नांगरटीने गाडा. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी) चोळा. रायझोबियम हे मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणूही लावणार असाल, तर रासायनिक बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी. कोळपताना खोडावर माती चढू देऊ नका.

सर्वांत कमी लक्ष जाते ते अफ्लाटॉक्सिन या दाण्यावरच्या बुरशीच्या विषाकडे, आणि खाणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते ती त्याचीच. ओलावा असेपर्यंत दाणा स्वतःच बुरशीरोधक द्रव्ये तयार करतो. शेवटच्या 4 ते 6 आठवड्यांत पाण्याचा ताण बसला की ते थांबते आणि बुरशी आत शिरते. तेव्हा जमेल तर एखादे हलके पाणी द्या. पक्व झालेले पीक शेतात रेंगाळू देऊ नका, फुटक्या शेंगा वेगळ्या काढा आणि ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवा. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे; त्याआधी पोती भरू नका.