थंडीत तलंग आजारी पडली तर आधी ऊब, मग औषध

आमच्या निफाडकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. अशा सकाळी खुराडं उघडलं की बाकीच्या कोंबड्या भर्रकन बाहेर पळतात आणि एखादी चार-पाच महिन्यांची तलंग (अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी) मात्र कोपऱ्यात पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे मिटून बसलेली असते. तेव्हा "बघू संध्याकाळी" असं करू नका. कोंबडी आजार लपवते, आपल्याला दिसेपर्यंत दुखणं बऱ्यापैकी पुढं गेलेलं असतं, आणि त्यात रात्रीची थंडी. कोंबडीचं अंगच मुळात 41 अंशांच्या आसपास गरम असतं, ते टिकवायला पोटात दाणा लागतो, आजारी तलंग खात नाही, मग पहाटेपर्यंत ती गार पडते. मी गमावलेल्या निम्म्या तरी रोगापेक्षा अशा गारठूनच गेल्या असतील.

म्हणून पहिलं काम म्हणजे तिला उचलून आत आणायची. मोठा खोका घ्या, तळाला तीन-चार बोटं तूस नाहीतर सुकं पाचट, त्यावर जुनं फिकट रंगाचं सुती कापड, म्हणजे तिची शीट (विष्ठा) नीट दिसते (ती का बघायची ते पुढं सांगतो). खोक्याच्या एकाच बाजूला साठ वॅटचा पिवळा बल्ब दीड-दोन फुटांवर घट्ट बांधून टांगा, कापडाला, तुसाला टेकता कामा नये. एका बाजूला अशासाठी की गरम झालं तर तिला दुसरीकडं सरकता आलं पाहिजे. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली तर बल्ब वर घ्या, बल्बखालीच चिकटून बसली तर थोडा खाली. आणि बल्ब जुना तारेचाच पाहिजे बरं का, आमच्या पोरानं एकदा एलईडी लावून ठेवला, रात्रभर लख्ख उजेड आणि ऊब शून्य. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, त्या धुरानं कोंबडीच काय माणूसही जातो.

अर्ध्या-पाऊण तासात अंग जरा गरम लागलं की पाणी. वाटीभर कोमट पाण्यात सुपारीएवढा गूळ आणि चिमूटभर मीठ. इथं माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली, घाईघाईत चोच उघडून सिरिंजनं पाणी आत सोडलं, ते गेलं श्वासनळीत आणि चांगली तरतरीत व्हायला लागलेली तलंग हातातच गेली. जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं हो. त्यामुळं चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, ती गिळते ते बघायचं, मग दुसरा. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

खायला द्यायच्या आधी गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रभर उपाशी असून सकाळी पिशवी दगडासारखी घट्ट, किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास, तर दाणा पुढं सरकतच नाहीये, वरून आणखी भरू नका, डॉक्टरला दाखवा. पिशवी रिकामी असेल तर मऊ भात, भिजवलेलं खाद्य, उकडलेल्या अंड्याचा बलक थोडा थोडा. कोंबडीला अंडं कसलं घालता म्हणून आमची आई अजून हसते, पण तलंग भात सोडून आधी बलकच टिपते.

आता कापडावरची शीट बघा. घट्ट आणि वर पांढरा ठिपका म्हणजे ठीक. रक्त दिसलं तर बहुतेक रक्ती हगवण, ओलं तूस हे तिचं घर, याला अँप्रोलियम नावाचं औषध चालतं, 20 टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, रोज ताजं पाणी करून पाच दिवस, तरी पाकिटावरचं प्रमाण वाचाच. हिरवट पातळ शीट, घरघर आणि मान वाकडी म्हणजे मानमोडी, याला औषध नाही, लसच. पिल्लू पहिल्या आठवड्याचं असताना लासोटा नावाची, आठव्याच्या सुमाराला आरटूबी नावाची, पण आजारी कोंबडीला ती टोचू नका. डोळ्यात फेस, नाक गळतंय, तोंड सुजलंय तर सर्दीचा रोग, त्याला डॉक्टरनं सांगितलेलंच अँटिबायोटिक. दुकानदार कशालाही एकच पुडी देतो, ती घेऊ नका, आणि औषध चालू असताना व नंतर डॉक्टर सांगेल तितके दिवस अंडी खायची नाहीत. 1962 वर फोन केला तर सरकारी पशुवैद्यकाची मदत मिळते.

काहीच दिसत नाही पण तलंग शेपटी खाली टाकून उभी राहते, सारखी कुंथते, तर पहिलं अंडं अडकलेलं असू शकतं. टबात कोमट पाणी घेऊन पोट बुडेल इतपत पंधरा-वीस मिनिटं धरा, नंतर पूर्ण कोरडी करा, ओली ठेवलीत तर थंडीनं जाईल. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटतं. पंखाखाली, शेपटीखाली उवा पण बघून घ्या.

एकापाठोपाठ एक मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तर कापून खायचा विचार सोडा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता ते आठवा आणि लगेच पशुसंवर्धनवाल्यांना कळवा. एरवीसुद्धा आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी उरकायचं, आजारी तलंगेकडं शेवटी जायचं, मग हातपाय धुवायचे.

बरी झाली, दाणा टिपायला लागली म्हणून लगेच बाहेर सोडू नका. दोन-तीन दिवस बल्ब आधी दुपारचा बंद, मग रात्रीचा. आणि खुराड्यात सोडायची ती अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसल्या की हळूच मधे ठेवायची, दोन्हीकडून ऊब मिळते आणि दिवसाउजेडी सोडल्यावर होते तशी टोचाटोची होत नाही. सकाळी जरा लवकर उठून एक चक्कर मारा मात्र.