घरातल्या कुणाला सकस खाण्याचा ध्यास जडला असेल, तर या चुका टाळा

आधी साखर बंद, मग मैदा, मग भात, शेवटी दुसऱ्याच्या घरचं जेवणच बंद. या अवस्थेला ऑर्थोरेक्सिया म्हणतात. अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये हे नाव दिलं.

वजनकाट्यावर विसंबणं. वजन नेहमीइतकं असूनही हा त्रास असू शकतो. मधुमेहाचं पथ्य किंवा एकादशीचा उपास म्हणजे हा आजार नव्हे. नियम मोडला तर काय होतं ते पाहा. तासन् तास अपराधी वाटणं, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं, लग्नाची पंगत टाळणं ही खरी लक्षणं. पाळी चुकणं, केस गळणं, सतत थंडी वाजणं हे शरीराचे इशारे.

पोषणावर वाद घालणं. घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक हीच. ‘भातात काय वाईट आहे?’ असं विचारलंत की उत्तर तयारच असतं, कारण त्या माणसाने तुमच्यापेक्षा जास्त वाचलेलं असतं. अडचण माहितीची नाही, भीतीची आहे. ‘यात तेल किती घातलंस?’ याचं उत्तर एकदाच द्या. पुन्हापुन्हा दिलेल्या खात्रीने घटकाभर बरं वाटतं आणि भीती मात्र पक्की होते.

एकदम पुरणपोळी वाढणं. मानसोपचारात पायरीपायरीने जातात. टाळलेल्या आठ-दहा पदार्थांची यादी करून प्रत्येकाच्या भीतीला ० ते १०० गुण द्यायचे. सुरुवात ३०च्या आसपासच्या पदार्थाने: समजा, अर्धी वाटी वरणभात. तो आठवड्यात तीन-चारदा खायचा, आणि नंतर जास्तीचा व्यायाम किंवा उपास करायचा नाही. ही दुसरी अट सुटली तर सगळा सराव वाया जातो. भीती ओसरली की पुढची पायरी.

फार दिवस अगदी कमी खाल्लं असेल किंवा वजन झपाट्याने उतरलं असेल, तर घरच्या घरी आहार वाढवू नका. अचानक भरपूर खाल्ल्यावर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी आणि ईसीजी.

नवा डाएट चार्ट आणणं. वर्ज्य पदार्थांची आणखी एक यादी इथे घातकच. आहारतज्ज्ञ खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेले हवेत. तीन जेवणं, दोन मधली खाणी, मध्ये तीन-चार तासांहून जास्त खंड नको.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा स्वस्थ बसल्यावर नाडी ५०च्या खाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानसोपचार कुठून सुरू करावा हे कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.